अवघड बोलपट आणि साधा प्रेक्षक

बोलपट संपला, दिवे लागले, आणि पडद्यावर नेमके काय झाले हेच कळले नाही, असा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना आला असेल. गाणे नाही, मारामारी नाही, शेवट तर मध्येच कुठेतरी तुटल्यासारखा. अशा वेळी माणसे दोन प्रकारे बोलतात. कोणी म्हणतो, "छे, पैसे फुकट गेले. काही अर्थच नव्हता त्यात." आणि कोणी गप्प राहून मनाशी म्हणतो, "अर्थ असेल हो, पण तो आपल्यासारख्यांसाठी नाही. शिकल्यासवरल्यांचं काम आहे ते." पहिला माणूस चित्रपटावर अन्याय करतो, दुसरा स्वतःवर. मला विचाराल तर दुसऱ्याचे नुकसान मोठे. पहिला निदान भांडायला तरी परत येईल; दुसरा त्या दाराशी पुन्हा फिरकतच नाही.

तेव्हा या अवघड म्हटल्या जाणाऱ्या चित्रपटांची हकीगत थोडी मागे जाऊन पाहू. असे चित्रपट ज्यांना समजू लागले ती माणसे कोण होती? ती जन्मतःच जाणकार होती का? की त्यांनाही कोणी बोट धरून नेले?

सुरुवात आपल्याच माणसापासून करू. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे पहिल्यांदा दाखवली गेली. त्यानंतर चौदापंधरा वर्षांनी, १९१०-११ च्या सुमारास, मुंबईतच धुंडिराज गोविंद फाळके नावाच्या, चाळिशीला आलेल्या गृहस्थांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. कथा परकी, माणसे परकी, पेहराव परका. फाळक्यांनी काय केले? खेळ संपल्यावर पुन्हा तिकीट काढले आणि तोच चित्रपट पुन्हा पाहिला. पुढे पत्नी सरस्वतीबाईंनाही ते दाखवायला घेऊन गेले. तो चित्रपट पाहताना ख्रिस्ताच्या जागी राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या आपल्या डोळ्यांपुढे उभी राहत होती, असे त्यांनीच नंतर 'नवयुग' मासिकात लिहिले. त्यातून ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांपुढे आला.

या हकीगतीतल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, ज्यांना आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतो, त्यांनाही एकदा पाहून पुरले नाही. दुसरी, फाळक्यांनी पहिल्या चित्रपटासाठी जी गोष्ट निवडली ती घरोघरी पाठ होती. राजाचे पुढे काय होणार ही काळजी प्रेक्षकाला नव्हती, म्हणून तो पडद्याकडे मोकळ्या डोळ्यांनी पाहू शकला. आपण पोथीचे पारायण करतो ते काय कथा ठाऊक नसते म्हणून? कथा ठाऊक असते म्हणूनच कान आतल्या अर्थाकडे वळतात.

त्या काळच्या मूकपटांत मधूनमधून पाट्या येत. ज्याला वाचता येई तो शेजाऱ्यांना त्या मोठ्याने वाचून दाखवी. जपानमध्ये तर या कामासाठी खास माणसेच असत. त्यांना म्हणत बेन्शी. पडद्याच्या बाजूला उभे राहून बेन्शी प्रसंग समजावून सांगे आणि पात्रांचे आवाज काढी. आपल्याकडे कीर्तनकार आख्यान रंगवतो तसाच हा प्रकार. नावाजलेल्या बेन्शीचे नाव ऐकून लोक तिकिटे काढत. पुढे बोलपट आले आणि बेन्शींचा धंदा बसला. त्यांपैकी एक होता हेइगो कुरोसावा. १९३३ साली, ऐन तारुण्यात, तो निराश मनाने जग सोडून गेला. पण कोणते चित्रपट पाहावेत आणि ते कसे पाहावेत, हे त्याने आपल्या धाकट्या भावाला शिकवून ठेवले होते. त्या भावाचे नाव अकिरा कुरोसावा.

याच अकिरा कुरोसावांनी १९५० साली 'राशोमोन' नावाचा चित्रपट केला. अकुतागावा या जपानी लेखकाच्या दोन लहान कथांवर तो आधारलेला आहे. जुना काळ, मोडकळीला आलेली वेस, मुसळधार पाऊस. वेशीच्या आडोशाला एक लाकूडतोड्या आणि एक भिक्षू सुन्न बसले आहेत. तिथे तिसरा माणूस येतो, आणि रानात घडलेल्या एका घटनेची कहाणी निघते. एक सामुराई, म्हणजे शिलेदार म्हणा, पत्नीसह रानातून चालला होता. वाटेत डाकू भेटला, पत्नीवर बळजबरी झाली आणि शिलेदार मारला गेला. एवढे नक्की. पण तो कसा मेला? डाकू एक सांगतो, पत्नी दुसरे, मेलेल्या शिलेदाराचा आत्मा एका बाईच्या अंगात येऊन तिसरे, आणि लाकूडतोड्या चौथे. खरे कोणते, ते चित्रपट सांगतच नाही.

आता गंमत पाहा. चित्रीकरण सुरू होण्याच्या बेतात असताना कुरोसावांचे तीन सहायक त्यांच्याकडे आले आणि म्हणाले, "आम्हांला ही संहिता कळत नाही." हे कोणी नवखे प्रेक्षक नव्हते, धंद्यातली माणसे होती. कुरोसावांनी त्यांना संहिता पुन्हा वाचायला सांगितली आणि समजावले की माणूस स्वतःशीसुद्धा खरे बोलत नाही. स्वतःविषयी बोलताना तो सजवून बोलतो. त्या सवयीवरच हा चित्रपट आहे. दोघांना ते पटले. तिसऱ्याचे समाधान काही झाले नाही. हे सारे कुरोसावांनी आपल्या आत्मकथेत नोंदवले आहे. तेव्हा 'राशोमोन' पाहून तुम्हांला काही उमगले नाही तर वाईट वाटून घेऊ नका. त्या तिसऱ्या सहायकाच्या पंगतीला तुम्ही बसलात, इतकेच!

हाच चित्रपट जपानमध्ये राहणाऱ्या जुलियाना स्त्रामिजोली या इटालियन बाईंनी हेरला आणि व्हेनिसच्या महोत्सवासाठी सुचवला. १९५१ साली तिथे त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. आपला चित्रपट स्पर्धेत आहे याची कुरोसावांना कल्पनाही नव्हती.

हा चित्रपट पाहावा कसा? मी फक्त दोन खुणा दाखवतो. साक्षीदार अंगणात बसून जबाब देतात तेव्हा ते कोणाकडे तोंड करून बसले आहेत ते पाहा. न्यायाधीश पडद्यावर दिसत नाही आणि त्याचा आवाजही ऐकू येत नाही. साक्षीदार आपल्याकडे पाहून बोलतात. म्हणजे दिग्दर्शकाने न्यायाधीशाच्या जागी आपल्याला बसवले आहे. दुसरी खूण अशी. खुनाच्या खटल्यात माणूस आपल्यावरचा आळ झटकतो. इथे उलटे आहे. डाकू म्हणतो, मी त्याला लढाईत मारले. पत्नी असे काही सांगते की तिच्याच हातून ते घडले असावे. शिलेदाराचा आत्मा म्हणतो, मी स्वतःच जीव दिला. तिघेही मरण आपल्या माथी ओढून घेतात! का? शिक्षेपेक्षा त्यांना आपली अब्रू प्यारी आहे. गावकीतल्या तंट्याचे निवाडे ज्यांनी ऐकले आहेत त्यांना ही जात नवी नाही. बांधाच्या भांडणात चार भाऊ चार हकीगती सांगतात, आणि प्रत्येकाच्या हकीगतीत तो स्वतःच तेवढा मानी आणि शहाणा असतो. मग परका आहे तो फक्त पेहराव. माणसे ओळखीचीच आहेत.

तुम्ही म्हणाल, जपानचे सहायक गोंधळले असतील, पण पश्चिमेकडच्या जाणकारांचे काय? त्यांचेही ऐका. १९६० साली फ्रान्समधल्या कान येथे मिकेलांजेलो आंतोनियोनी या इटालियन दिग्दर्शकाचा 'लाव्हेंतुरा' दाखवला गेला. सहलीला गेलेली श्रीमंत मंडळी एका ओसाड बेटावर उतरतात आणि त्यांतली एक तरुणी नाहीशी होते. शोधाशोध सुरू होते. प्रेक्षक सरसावून बसतो, आता ती सापडणार. ती सापडत नाही. सापडत नाही ते एक असो, पण शोधणारेच हळूहळू तिला विसरत जातात. हे पाहून त्या उंची प्रेक्षागृहातल्या सुटाबुटातल्या मंडळींनी आरडाओरड केली, टिंगल केली. दिग्दर्शक आणि नायिका मोनिका व्हित्ती व्यथित होऊन बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी रोबेर्तो रोसेलिनी आणि इतर अनेक दिग्दर्शक-समीक्षकांनी सहीनिशी पत्रक काढून चित्रपटाची बाजू घेतली. त्याला परीक्षकांचे विशेष पारितोषिकही मिळाले. आणि १९६२ साली, अवघ्या दोन वर्षांनी, 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला, त्यात सर्वोत्तम चित्रपटांच्या यादीत 'लाव्हेंतुरा' दुसऱ्या क्रमांकावर आला.

दोन वर्षांत चित्रपटाची एक चौकटही बदलली नव्हती. बदलले ते पाहणाऱ्यांचे डोळे. 'ती सापडेल का' हा प्रश्न घेऊन बसलेल्या माणसाला तो चित्रपट कंटाळवाणा वाटला. 'माणसे इतक्या लवकर कशी विसरतात' हा प्रश्न घेऊन बसलेल्याला त्याने अंतर्मुख केले.

आता आपल्या देशात येऊ. कलकत्त्यात १९४७ साली सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी चित्रपट पाहून त्यावर बोलण्यासाठी एक मंडळ काढले. १९५२ साली भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत सुरू झाला आणि पुढे इतर मोठ्या शहरांतही गेला. त्यात इटलीचा 'बायसिकल थीव्हज' आपल्या लोकांनी पाहिला. सायकल चोरीला गेलेला एक गरीब कामगार आणि त्याचा लहान मुलगा, एवढीच त्याची गोष्ट. त्यातला बाप खरोखरच कारखान्यातला कामगार होता, नट नव्हता. मग १९५५ साली रायांचा 'पथेर पांचाली' आला. पुण्यात प्रभात कंपनीच्या जुन्या जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट निघाली. १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि तिथे पी. के. नायर यांनी पुढे सारा जन्म चित्रपटांची रिळे गोळा करण्यात आणि ती लोकांना दाखवण्यात घालवला. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले आणि मराठी माणसालाही जगातले चित्रपट पाहून मराठीत चर्चा करायला हक्काची जागा मिळाली.

याच काळात आपल्याकडेही अवघड चित्रपट निघू लागले. मणी कौल हे पुण्याच्या इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेले तरुण. त्यांनी १९६९ साली मोहन राकेश यांच्या कथेवर 'उसकी रोटी' केला. पंजाबातली बालो नावाची बाई नवऱ्याची भाकर घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहते. नवरा बसचा ड्रायव्हर. बस येईल, तो भाकर घेईल. एके दिवशी तिला उशीर होतो, तो रागावून निघून जातो, आणि ती वाट पाहत राहते. फारसे काही घडत नाही. पात्रे सावकाश बोलतात, सावकाश वळतात. कौलांनी दोन प्रकारची भिंगे वापरली. एकातून दूरवरचे सारे स्पष्ट दिसते, दुसऱ्यातून जवळचा तेवढा चेहरा स्पष्ट आणि मागचे धूसर. प्रथम एक भिंग प्रत्यक्षासाठी आणि दुसरे बालोच्या मनातल्यासाठी. पुढेपुढे त्यांची सरमिसळ होते. कारण वाट पाहून थकलेल्या माणसाला खरे आणि मनातले वेगळे करता येत नाही.

हा चित्रपट सगळ्यांना आवडतो असे मी म्हणणार नाही. पुष्कळ जाणत्यांनाही तो जड गेला. पण एक विचारतो. टळटळीत उन्हात एसटीच्या थांब्यावर भाकरीचे गाठोडे घेऊन उभी असलेली बाई कोणाला जास्त ठाऊक आहे? शहरातल्या समीक्षकाला, की तुम्हांला?

हा नुसता बोलण्यापुरता प्रश्न नाही. त्याचे उत्तर शेजारच्या कर्नाटकात प्रत्यक्ष मिळाले. शिमोगा जिल्ह्यातल्या सागर तालुक्यात हेग्गोडू नावाचे लहानसे गाव आहे. भोवती सुपारीच्या बागा. तिथे १९४९ साली 'नीनासम' ही नाट्यसंस्था निघाली. के. व्ही. सुब्बण्णा हे तिचे चालक. १९७३ साली त्यांनी संस्थेत 'चित्रसमाज' सुरू केला आणि जगातले गाजलेले चित्रपट खेड्यातल्या लोकांना दाखवायला आरंभ केला. पुण्याहून प्राध्यापक सतीश बहादूर आणि संग्रहालयाचे नायर यांची त्यांना साथ मिळाली. चित्रपट दाखवायचे आणि मग त्यावर बोलायचे, असा क्रम. या लोकांना साधे-सोपे काही दाखवा, असे सुब्बण्णांनी मानले नाही. बागाईतदाराने 'राशोमोन' पाहिला, 'बायसिकल थीव्हज' पाहिला, 'पथेर पांचाली' पाहिला. या साऱ्या कामासाठी १९९१ साली सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते २००५ साली वारले. पण २०१२ साली नायरांच्या जीवनावर 'सेल्युलॉइड मॅन' नावाचा माहितीपट निघाला, त्यात हेग्गोडूचे शेतकरी त्या काळी पाहिलेल्या परदेशी चित्रपटांविषयी बोलताना दिसतात. इतकी वर्षे गेली, तरी ते त्यांच्या मनातून पुसले गेले नव्हते. जे न कळता नुसते डोळ्यांपुढून गेले, ते काय इतकी वर्षे टिकते?

शिक्षकबंधूभगिनींनो, इथे तुमचे काम येते. पूर्वी असे चित्रपट पाहायला पुण्या-मुंबईला जावे लागे. आता अनेक शाळांत मोठा पडदा आला आहे आणि घराघरांत मोबाइल आहे. चित्रपट मिळणे पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. उणीव आहे ती शेजारी बसून दोन शब्द सांगणाऱ्याची. ती जागा तुम्ही घ्या. त्यासाठी समीक्षेची पुस्तके पाठ करावी लागत नाहीत.

क्रम मात्र नीट लावा. अंकलिपीआधी कोणी वेदान्त शिकवत नाही. प्रथम 'बायसिकल थीव्हज', मग 'पथेर पांचाली', मग 'राशोमोन', आणि डोळे सरावल्यावर 'उसकी रोटी'. गोष्ट आधी थोडक्यात सांगून टाका. त्याने रस जात नाही, हरिश्चंद्राचा कुठे गेला होता? आणि पाहून झाल्यावर लगेच "अर्थ काय?" असे विचारू नका. त्या प्रश्नाने मुले आणि मोठी माणसे दोन्ही बावचळतात. विचारा, "तुम्ही काय पाहिलंत? काय आठवतंय?"

'पथेर पांचाली'त शेवटाकडे एक प्रसंग आहे. थोरली बहीण दुर्गा वारली आहे. तिने माळ चोरली असा आळ पूर्वी आला होता आणि तिने तो नाकबूल केला होता. घर आवरताना लहान भाऊ अपू याच्या हाती नेमकी तीच माळ लागते. तो धावत जातो आणि ती तळ्यात फेकून देतो. पाण्यावरचे शेवाळ बाजूला होते आणि हळूहळू पुन्हा जुळून येते. एक शब्द कोणी बोलत नाही. हा प्रसंग वर्गात दाखवा आणि विचारा, "त्यानं माळ का फेकली?" बघा कसे हात वर होतात. बहिणीची अब्रू भावाने कशी झाकली, हे कळायला पदवी लागत नाही.

आपल्या माणसाला आडून बोललेले समजत नाही, हा समजच मुळी खोटा. एकनाथांच्या भारुडातला विंचू हा नुसता विंचू नव्हे, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. कीर्तनाच्या पूर्वरंगात तासभर निरूपण चालले तरी मंडळी आख्यानाची वाट पाहत शांत बसत. धीर आहे, आडचा अर्थ ओळखण्याची सवयही आहे. पडद्यासमोर बसल्यावर ती शिदोरी घरी विसरून येऊ नये, एवढेच.

आणि इतके करूनही एखादा चित्रपट नाहीच आवडला तर? तर खुशाल तसे म्हणा. अवघड आहे म्हणून प्रत्येक चित्रपट थोर ठरत नाही. काही उगीचच गूढ असतात, काही नुसतेच कंटाळवाणे. ते ठरवण्याचा अधिकार जितका कानच्या मंडळींचा, तितकाच तुमचा. मात्र 'राशोमोन'च्या न्यायाधीशाची जागा ज्याला दिली आहे, त्याने साक्ष अर्धी टाकून उठू नये. पुरी ऐकावी, अडले तर पुन्हा ऐकावी, शेजाऱ्याशी बोलावे, आणि मग आपला निवाडा मोकळ्या तोंडाने सांगावा.